अजगराला पडसं झालं होतं, बाब्या

बाब्या,

आधी शिव्या देऊन घे, मग वाच. डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात होतो आणि सांगलीला आलो नाही. तू स्टेटस बघितलंस आणि काही बोलला नाहीस, आणि तू बोलत नाहीस म्हणजे काय ते मला बरोबर कळतं. चिन्याचं लग्न होतं, आईचा गुडघा होता (बरा आहे आता, जिना चढते), बँकेची कामं होती. आता ही सगळी कारणं खरीच आहेत, पण एसटीत बसलो असतो तर दुपारपर्यंत तुझ्या दारात असतो हेपण खरंच आहे. राहिलं ते राहिलं.

पण लिहितोय ते त्यासाठी नाही. माझी पाळलेली अजगरीण, जिलबी, आजारी आहे. हसू नको. मृणालला सांगून झालं, ती म्हणाली "मग डॉक्टरकडे ने", म्हणजे बरोबरच बोलली, पण मला जे बोलायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

तू म्हणशील पिंजऱ्यात ठेवलास, आता भोग. मी ती घेतली तेव्हा तू दोन महिने बोलला नव्हतास, "पकडून सोडणारा माणूस आता विकत घेऊन ठेवतोय" म्हणून. आपण सर्पमित्र म्हणून शाळाशाळांत जाऊन पोरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा धाक घालायचो ते मलापण आठवतंय रे. पण ही घाना-टोगोकडची जात, इथे इंग्लंडात, लेस्टरात कुणाच्यातरी घरी अंड्यातून निघालेली, हिला मी सोडणार कुठे, सोर नदीत? इथे रॉयल पायथन म्हणतात. भ्यायली की वेटोळं करून डोकं आत घालते, म्हणून जिलबी. असो, तो वाद आपला झालाय, परत नको.

तर झालं असं. नोव्हेंबरपासून खाणं बंद. आता या जातीची ही खोडच आहे, थंडीत दोन-दोन तीन-तीन महिने उंदराकडे ढुंकून बघत नाहीत आणि तरी टुणटुणीत असतात, म्हणून मी निवांत. वजन करायला पाहिजे होतं, ते केलं नाही. मग पुण्याला आलो, येताना बिल वाचवायला घराचं हीटिंग १६ वर ठेवलं, तिच्या पेटीला वेगळा हीटर आणि थर्मोस्टॅट आहे म्हटलं, शेजारच्या काकू पाणी बदलून जायच्या. परत आलो तर ही पाण्याच्या भांड्यात बसून. मला वाटलं माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे झाले असतील, अंगावर पांढरा टिश्यू फिरवला, खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात का बघितलं, एक नाही. कात टाकलेली, पण तुकड्या-तुकड्यांत. तेपण मी हवा कोरडी म्हणून सोडून दिलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक उत्तर तयारच होतं बघ.

मग रात्री आवाज. टिक, टिक, मध्येच बारीक शिट्टी. दोन रात्री मी रेडिएटरला शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो, मोबाईलचा टॉर्च पेटीत मारला, तर हिनं मान काचेला टेकवून वर केलेली, छताकडे बघत असल्यासारखी, तोंड किंचित उघडं, आणि कडेला लाळेची तार नि त्यात एक बुडबुडा.

बाब्या, मी तिथेच खाली बसलो. कारण हे मी आधी बघितलंय. तूपण बघितलंयस.

२०१९ चा पूर. पाणी ओसरल्यावर वारणाकाठच्या त्या उसातला अजगर, आठवतो का? आठवणारच, तुझ्या दुकानात गल्ल्यामागे फ्रेम आहे त्याची. मान वर, तोंड उघडं, आणि आपण दोघं मागे छाती काढून. आपण म्हणत होतो चिडलाय, फुत्कारतोय, आणि त्याला "अजून चिडव" म्हणून दिन्या पुढे कॅप हलवत होता. आणि बांधावर बसलेला तो म्हातारा काय म्हणाला? "आरं पडसं झालंय त्येला." आपण हसलो. नुसते हसलो नाही, मी त्याला सगळ्यांसमोर लेक्चर दिलं, आजोबा, साप थंड रक्ताचा असतो, त्याला सर्दी-पडसं होत नसतं, या अंधश्रद्धा आहेत. टाळ्या पडल्या होत्या मला.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते शब्दशः त्या म्हाताऱ्याचं वाक्य आहे. श्वसनमार्गाचा संसर्ग. थंड रक्ताचा आहे म्हणूनच होतो, कारण अंगाला ऊब मिळाली नाही की त्याची प्रतिकारशक्तीच बसते. आणि सापाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा नाही, त्यामुळे खोकता येत नाही, आत साठलेला चिकटा बाहेर फेकता येत नाही, मग श्वास घेता यावा म्हणून बिचारा मान वर करून तोंड उघडतो. अजगर त्या पुराच्या पाण्यात किती दिवस होता कुणास ठाऊक. आपण त्याला तासभर पोत्यातून काढ-घाल करत फोटो काढले, मग वनखात्याच्या गाडीत दिला आणि वडापाव खायला गेलो. आणि नंतर पेपरात तुझं एकट्याचं नाव आलं म्हणून मी सहा महिने तुझ्याशी बोललो नाही! त्या फोटोच्या श्रेयावरून भांडलो आपण, लेका.

एवढे साप पकडले, नाग म्हण, घोणस म्हण, धामणींचा तर हिशेबच नाही, पण आजारी साप कसा दिसतो हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. आपल्याकडे साप असायचा तासभर. त्यात तो चिडलेला नाहीतर भ्यालेला, तिसरं काही आपण बघितलंच नाही. आणि हो, शाळेत "सापाला एकच फुप्फुस" सांगायचो ना, ते नाग-घोणसाचं ठीक आहे, अजगराला दोन असतात, डावं आखूड. एक्स-रे दाखवला मला.

कारणपण सापडलं. थर्मोस्टॅटची वायर निसटून हीटरच्या अगदी जवळ पडलेली, त्याला वाटायचं पेटी तापली, तो हीटर बंद करायचा. उबेच्या बाजूला ३१-३२ पाहिजे तिथे २५. काचेवर चिकटवलेला तबकडीचा थर्मामीटर मात्र मजेत ३१ दाखवत होता, त्याला कचऱ्यात टाकला. वजन १४८० वरून १३१० ग्रॅम.

नेली कशी माहितीय का, उशीच्या अभ्र्यात गाठ मारून, थर्माकोलच्या खोक्यात, बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. गाठ तुझीच, डबल. सगळे डॉक्टर साप बघत नाहीत इथेपण, चाळीस मिनिटं गाडी चालवली. बाईंनी अंगावर ओला कपडा ठेवून वरून स्टेथोस्कोप लावला, खवल्यांची खरखर ऐकू येऊ नये म्हणून. बिलाचा आकडा सांगत नाही, आईला कळेल.

आता दर ७२ तासांनी सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, मीच देतो, अंगाच्या पुढच्या भागात, कारण शेपटीकडचं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं म्हणे. सिरिंजा भरून फ्रीझरमध्ये ठेवायच्या, म्हणजे आता आमच्याकडे मटार, उंदीर आणि सिरिंजा असे तीन कप्पे आहेत आणि मृणालचा भाऊ आमच्याकडे आईस्क्रीम खात नाही. रोज पंधरा मिनिटं सलाईनची वाफ, लहान पोराला देतात तशी. खायला सध्या काही घालायचं नाही, जबरदस्ती तर नाहीच. पहिलं इंजेक्शन देताना हात कापत होता माझा. घोणस पकडताना कधी कापला नाही.

खरी काळजी वेगळी आहे. तोंडातला नमुना तपासायला गेलाय, एक व्हायरस असतो, निडोव्हायरस, अजगरांत २०१४ मध्ये कळला. तो निघाला तर त्यावर औषध नाही. रिपोर्ट गुरुवारी. आवाज थोडा कमी वाटतोय, पण मला वाटतंय ते खरं धरायचं नाही असं मी ठरवलंय सध्या.

तुझं काय? शाळेत घातलीस का ओवीला? दुकानाचं शटर बसवलंस? तात्यांना नमस्कार सांग.

आणि एक काम कर. फ्रेममधला नाही, ओरिजिनल फोटो असेल तुझ्या जुन्या हार्डडिस्कवर, तो मोठा करून बघ. तोंडाच्या डाव्या कडेला, दिन्याची कॅप आहे त्या बाजूला. बुडबुडा आहे का बघ. मला वाटतं आहे. नसला तरी सांग. आणि तो म्हातारा त्याच वस्तीवर आहे का, कुणालातरी विचार.

पुढचं इंजेक्शन उद्या सकाळी सहाला, अलार्म लावून झोपतो.

तुझा,
पम्या