गाणं बंद करून बघ

वेंगुर्ले
रविवार, रात्री

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी ठेवला, तू नाही. बाबा म्हणाले, पोरगा कोवळ्या वयाच्या जुन्या सिनेमांची यादी मागत होता आणि तू त्याला कोर्टात उभा केलास. तर ही घे यादी, कुठला आजही टिकतो आणि कुठला नाही त्यासकट. त्या मुलीबद्दल यात एक अक्षर लिहिणार नाही.

पहिल्याच वर्षी कॉलेजच्या चित्रपट मंडळाचं काम तुझ्याकडे आलं, हे आजीला मी तीनदा सांगितलं. तिने तिन्ही वेळा विचारलं, पगार किती?

सुरुवात 'गुड्डी'ने कर. १९७१चा आहे, पण अजून ताजा. शाळकरी मुलगी धर्मेंद्रच्या प्रेमात पडलेली. तिला ताळ्यावर आणायचं काम उत्पल दत्तच्या प्रोफेसराकडे येतं. तो ओरडत नाही, तिला स्टुडिओत नेतो. मारामारी करताना दिसणारा वेगळा आणि हाडं मोडून घेणारा वेगळा, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तिच्या वेडाला कोणी हसत नाही, म्हणून तो टिकला.

'बॉबी' (१९७३) अर्धाच टिकला. तो आला तेव्हा डिंपल सोळाची होती, आणि कॅमेरा तिच्याकडे ज्या नजरेने बघतो ते आज खटकतं. पण श्रीमंत बाप गोव्याच्या कोळ्याला, प्रेमनाथला, पैसे देऊ करतो तो प्रसंग मात्र जसाच्या तसा दाखव. आपल्या बंदरावरच्या कुठल्याही घरात तो कळेल.

'जो जीता वही सिकंदर' (१९९२) मध्ये भावांचं नातं आणि शेवटची शर्यत पक्की. शर्यत बघून तू धक्क्याच्या उतारावर सायकल सोडलीस, ती गुडघ्याची खूण आहे अजून. असो. त्यात कच्चं काय, तर देविका. नायक संजू तिच्यापुढे श्रीमंतीचं खोटं सोंग घेतो, आणि सोंग उघडं पडल्यावर वाईट ठरते ती. गॅरेजमधली अंजली वर्षानुवर्षं त्याची सायकल आणि मन दोन्ही दुरुस्त करते, तिला काय हवं ते कोणी विचारत नाही. खेळानंतर मुलांना एवढंच विचार, की संजूने देविकाची माफी कधी मागितली.

इंग्रजीतला एकच घे, 'ब्रेकफास्ट क्लब', १९८५चा. शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत बसवलेली पाच मुलं, दीडेक तासाचा खेळ. आईबापांबद्दल ती जमिनीवर बसून बोलतात तो भाग आजही घशात अडकतो. पण बेंडर सबंध दिवस क्लेअरला छळतो, टेबलाखाली लपून तिच्या वाटेला जातो, आणि शेवटी तीच त्याला मिळते. त्यातल्या नायिकेने, मॉली रिंगवाल्डने, २०१८ साली यावर मोठा लेख लिहिला. स्वतःच्याच सिनेमाकडे पुन्हा बघणं सोपं नसतं.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. ऐंशी-नव्वदच्या दशकातलं कुठलंही मागे लागण्याचं गाणं घे आणि आवाज पूर्ण बंद कर. चार मिनिटं नुसतं बघ. वाट अडवून उभा मुलगा, त्याच्या बाजूला पाचसहा मित्र. मुलगी पुस्तकं छातीशी धरून डावीकडे बघते, मग उजवीकडे. ती लाजते असं आपल्याला सांगत होती ती बासरी. बासरी गेली की ती जायला वाट शोधते आहे एवढंच उरतं. ती किती वेळा 'नाही' म्हणते ते कागदावर मोज, आणि दर वेळी त्यानंतर कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर जातो तेही लिही.

सोहम, तू हसत म्हणालास, ती दोनदा नाही म्हणाली, तरी मी स्टँडवर थांबतो. तिसऱ्यांदा बघू, म्हणालास. दोनदा म्हणजे दोनदा रे. ताईच्या वेळेला आपण सगळे

लिहिणार नव्हते. झालं लिहून. भाषण झालं, माफ कर. तू वाईट मुलगा नाहीस, मला माहीत आहे. वाट अडवणारे ते पडद्यावरचेही वाईट म्हणून दाखवलेले नसतात, तिथेच माझा जीव अडकतो.

कामाचं बोलते. 'गुड्डी'ची चौकट ४:३ची आहे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. प्रोजेक्टर ती १६:९ला ताणतो आणि जया भादुरीचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. सेटिंगमध्ये ४:३ ठेव, बाजूला काळे पट्टे राहू देत. हॉलमध्ये दोनच स्पीकर असतील तर आवाज स्टिरिओवर घे. ५.१वर, म्हणजे सहा स्पीकरांच्या मांडणीवर, राहिला तर संवाद मधल्या, नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि नुसतं संगीत वाजतं. सबटायटलच्या फाइलला सिनेमाच्या फाइलचंच नाव दे, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. घरच्या ओटीटी खात्यावरून कॉलेजात खेळ लावता येत नाही, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. आणि छेडछाडीचा प्रसंग आला की मागच्या रांगा शिट्ट्या मारतात, मुली गप्प होतात, कोणीतरी सर उठून दिवा लावतात. तेवढ्यासाठी सिनेमा गाळू नकोस. प्रसंगाआधी थांबव, दोन वाक्यं सांग, मग चालू कर.

शेवट 'फँड्री'ने कर (२०१४ साली थिएटरात आला, फार जुना नाही, चालेल). शालूचं मन वळावं म्हणून जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, शालू त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, आणि नागराज मंजुळे तिला बोलायला लावतही नाही. ती त्याला मिळत नाही. जब्याचा राग शेवटी कोणावर निघतो ते मुलांनीच बघू दे, तू आधी सांगू नकोस.

पडवीचा पत्रा बाबांनी बदलला. एसटीने डबा पाठवते आहे, आमसुलं आणि फणसपोळी. फणसपोळी रूममेटला दे, तू चार दिवसांत संपवतोस.

तुझी,
आई

ता. क. साडेपाचची गाडी तिची असेल तर तू सव्वासहाची धर. डबा घ्यायला जाशील तेव्हासुद्धा.