लिफ्टसाठीचे पैसे वेगळे काढून ठेवा

संपादक साहेब,

जुन्या भुयारी रेल्वेत व्हीलचेअरसाठी लिफ्ट बसवा म्हटलं की पहिला प्रश्न येतो एवढा पैसा आणायचा कुठून, म्हणून पैशाबद्दलच लिहितेय.

खर्च मोठा आहे हे मान्यच. प्लॅटफॉर्म अरुंद, वर रस्त्याखाली पाण्याच्या लाइनी नि केबल्स, त्या सगळ्या हलवायच्या आणि गाड्या बंद असतात तेवढ्या रात्रीच्या काही तासांत काम करायचं. शिवाय एका लिफ्टने भागत नाही, रस्त्यावरून तिकीट खिडकीपर्यंत एक आणि तिथून प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळी. दिल्ली मेट्रोने 2002 पासून सुरुवातीलाच लिफ्ट ठेवल्या ते म्हणूनच शहाणपणाचं.

पण मार्ग निघतात. टोकियो मेट्रोने मार्च 2023 पासून साध्या तिकिटावर 10 येन जास्त घ्यायला सुरुवात केली, ते पैसे लिफ्ट, प्लॅटफॉर्मचे दरवाजे अशाच कामांना जातात. न्यूयॉर्कमध्ये स्टेशनला लिफ्ट बांधून देणाऱ्या बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळतो. तरी तिथे 472 स्टेशनांपैकी बहुतेक ठिकाणी अजून जिनेच आहेत, कोर्टात भांडल्यावर 2022 मध्ये 95 टक्के स्टेशनांचं कबूल झालं तेही 2055 पर्यंत, म्हणजे आजचं दहा वर्षांचं मूल तेव्हा चाळिशीला आलेलं असेल!

आणि लिफ्ट बसवली म्हणजे संपलं असं नाही. माझी ताई व्हीलचेअर वापरते. एकदा आम्ही खाली उतरलो तर वर जायच्या लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद, शेवटी चार अनोळखी माणसांनी तिला खुर्चीसकट जिन्यावरून उचललं, चांगली माणसं होती, पण ताईने खुर्चीचे दोन्ही हात इतके घट्ट धरले होते की वर आल्यावर बोटं सुटेनात, आणि त्यानंतर कित्येक महिने ती भुयारी गाडीत बसली नाही. ती लिफ्ट कागदावर 'उपलब्ध' मधेच मोजली जात असणार.

म्हणून मागणी एवढीच, लिफ्टचा निधी बाकीच्या कामांत मिसळू नका, उरलं तर बघू असं तर अजिबात नको. वेगळं खातं काढा, देखभालीचे पैसे दरवर्षी त्यातच धरा, आणि कुठली लिफ्ट किती दिवस बंद होती ते स्टेशनवर लावा.

आपली,
एक नियमित वाचक