विमा कंपनी वय विचारत नाही, परवाना विचारते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरी ओलांडली की गाडीचा विमा महागतो किंवा कंपनी तो देतच नाही, असा समज घरोघरी पक्का बसला आहे. त्यापायी वडिलांची गाडी घाईघाईने मुलाच्या नावावर केली जाते आणि त्यात पदरचे पैसे जातात. परदेशातल्या नातेवाइकांच्या गप्पांतून हा समज आला असावा. ब्रिटनमध्ये चालकाचे वय हप्त्याच्या हिशेबात धरतात. आपल्याकडची रीत वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, सरकारने ठरवून दिलेल्या दराने मिळतो आणि हा दर इंजिनाच्या क्षमतेवर असतो. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहेत, जीएसटी वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओडीचा, हप्ता मुख्यतः गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली तिची आजची किंमत), तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे शहर यांवरून निघतो. त्यासाठी शहरांचे विभाग केलेले आहेत: मुंबई-पुणे ‘अ’ विभागात, नाशिक-कोल्हापूर ‘ब’ विभागात. या हिशेबात वय येते ते गाडीचे.

ज्येष्ठांचे खरे नुकसान होते ते कागदपत्रांत, आणि त्यांना न सोसणारी गाडी दारात आल्याने.

पहिला कागद परवान्याचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्याला परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, ती या दुरुस्तीने काढून टाकली. पुष्कळांना हे अजून ठाऊक नाही. म्हणजे मुदत काल संपली असेल, तर आज गाडी चालवणारा विनापरवाना आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून परवान्यांच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर करता येतो. सोबत नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांच्या सहीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, लागते. मुदत संपून वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. उशिरा केलेले नूतनीकरण ज्या दिवशी झाले त्या दिवसापासून लागू होते, मधली पोकळी भरून निघत नाही. त्या पोकळीत अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते. समोरच्या जखमीला भरपाई मिळते, पण मोटार अपघात न्यायाधिकरण ‘कंपनीने आधी द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी’ असा आदेश देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरणसिंग निकालात ही वाट घालून दिली आहे. निवृत्तीच्या पुंजीतून अशी वसुली देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

डॉक्टरची सही मिळाली म्हणून नजर सुधारत नाही. अर्जातल्या स्वयंघोषणेत २५ मीटरवरची नंबरप्लेट उजेडात, चष्म्यासह, वाचता येते का, असा प्रश्न असतो. ही तपासणी घरच्या घरी होते. उभ्या गाडीपासून साधारण पस्तीस पावले मागे जायचे आणि एकेक डोळा झाकून पाटी वाचायची. मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर दिवसा पाटी दिसते, पण रात्री समोरच्या एलईडी दिव्यांनी डोळ्यांपुढे पांढरा पडदा येतो. अशा वेळी शस्त्रक्रिया होऊन नवा नंबर मिळेपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढू नये.

आता नावाचा घोळ. नो क्लेम बोनस पॉलिसीधारकाचा असतो, गाडीचा नव्हे. दावा न करता वर्षे गेली की ओडी हप्त्यात क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. पन्नास टक्क्यांवर पोचलेल्या वडिलांनी गाडी मुलाच्या नावावर केली की मुलाला त्याच्या स्वतःच्या खात्यावर जेवढा बोनस असेल तेवढाच मिळतो. नसेल तर शून्य. जुनी गाडी विकून वडिलांच्याच नावाने नवी घेतली, तर बोनस राखल्याचे पत्र कंपनीकडून घ्यावे. ते तीन वर्षे चालते. पॉलिसी संपून नव्वद दिवसांत नवी केली नाही, तर मात्र बोनस बुडतो. मालकाचे निधन झाले तर गोष्ट निराळी. गाडीचा ताबा पती-पत्नी, मुले किंवा आईवडील यांच्याकडे आला तर बोनसही त्यांच्याकडे जातो. फक्त पॉलिसी मृत्यूच्या दिवसापासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच टिकते. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही आणि चौथ्या महिन्यातल्या अपघातावर वाद सुरू होतो.

दुसरी बाजूही पाहावी. सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाला असतो, तोही त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. गाडी वडिलांची आणि चालवतो मुलगा, तर त्या १५ लाखांतले मुलाला काहीच मिळत नाही. त्याने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. पन्नास टक्के बोनस गमावण्यापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. वडिलांनी गाडी चालवणे सोडले असेल आणि परवाना संपला असेल, तर त्यांच्यासाठी हा भाग भरायची गरज नाही. एजंटला तसे स्पष्ट सांगावे. लांबच्या प्रवासाला पगारी ड्रायव्हर बोलावत असाल, तर ‘पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी’ हे कलम जोडून घ्यावे. त्याला फार थोडे पैसे पडतात, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

दावा कधी करू नये, हेही सांगायला हवे. वय झाल्यावर मान मागे वळत नाही, म्हणून बंपर घासतो. समजा, नवा बंपर ६,००० रुपये, रंगकाम ४,००० आणि मजुरी १,०००, असे ११,००० चे बिल झाले. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत), म्हणजे ३,००० वजा. रंगकामाचा पाव हिस्सा सामानाचा धरून त्यावर ५० टक्के, म्हणजे ५०० वजा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दर दाव्यात आपणच सोसायची रक्कम, १,०००. हाती येतात ६,५००. आता बोनस पाहा. सूट धरण्याआधीचा ओडी हप्ता ९,००० असेल आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल, तर दाव्यानंतर तो शून्यावर येतो आणि पुन्हा पायरी पायरीने चढतो. हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तर पाच वर्षांत ४,५००, २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५० असे मिळून ११,२५० रुपये जास्त जातात. साडेसहा हजारांसाठी सव्वाअकरा हजार! झीरो डेप हे घसारा न कापणारे जोड-कलम असेल तर घसारा वाचतो, बोनस वाचत नाही. त्याला वेगळे संरक्षण घ्यावे लागते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीला सेन्सर आणि कॅमेरा बसवून घेणे हा बंपरचा सर्वांत स्वस्त विमा.

निवृत्तांची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरते. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने वापरानुसार हप्त्याच्या जोड-कलमांना परवानगी दिली, ती अशांसाठी सोयीची आहेत. मात्र त्यात सूट ओडीवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. ठरलेले किलोमीटर संपायच्या आत वाढवून घ्यावे लागतात. लग्नसराईत किंवा कोकणाच्या एका फेरीत आकडा ओलांडतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. रोडसाइड असिस्टन्स मात्र टाळू नये. पंक्चर झालेले चाक पंचाहत्तरीत कोण बदलणार? नदीकाठच्या वस्तीत किंवा तळघरात गाडी उभी राहत असेल तर इंजिन प्रोटेक्शनही घ्यावे. पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट केली की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारले जाते.

गाडी निवडताना लोक मायलेज आणि टचस्क्रीन पाहतात. ज्येष्ठांसाठी आधी पाहायची ती सीटची उंची. सीट घरातल्या खुर्चीएवढी किंवा चार बोटे वर असावी. आधी पाठमोरे टेकायचे आणि मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे, हे विनासायास जमले पाहिजे. सेडानमध्ये, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बसक्या गाडीत, माणूस खाली पडल्यासारखा बसतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. मोठ्या एसयूव्हीत चढावे लागते, आणि तिची बाजूची पायरी पावसात निसरडी होते. वॅगन-आरसारखी उंच डब्याची गाडी दिसायला साधी, पण म्हाताऱ्या माणसांना तीच सोसते. दारांचे बघायचे तर टाटाच्या पंच आणि अल्ट्रोजची ९० अंशांपर्यंत उघडतात, त्यामुळे वॉकर अगदी सीटला भिडवता येतो. दाराचा उंबरा किती रुंद आहे तेही बघावे. रुंद उंबऱ्यावरून पाय नेताना साडीचा काठ अडकतो. ही चाचणी विक्रेत्याने करून दाखवायची नसते. ज्यांना बसायचे आहे त्या आजींनीच तीनदा बसून उठून पाहावे, मागच्या दारानेही.

डिकी मोजपट्टीने न पाहता घरातली घडीची व्हीलचेअर सोबत नेऊन पाहावी. सीएनजीची एकच मोठी टाकी असली की व्हीलचेअर आत जात नाही, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही. बाहेरून सीएनजी किट बसवले, तर आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद करावी आणि विमा कंपनीला कळवावे. किटच्या किमतीवर साधारण ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये वाढतात. न कळवलेले किट दाव्याच्या वेळी नडते. बाहेर वळणारी सीट बसवली तरी कंपनीला तसे लेखी कळवावे. अपंगत्वासाठी खास बदल करून आरसीवर तशी नोंद झालेल्या गाडीला जुन्या दरपत्रकाने ओडीवर ५० टक्के सवलत ठेवली होती. कोटेशन घेताना ती मागून पाहावी.

गुडघे दुखू लागले की ऑटोमॅटिक घ्यावी, हे बरोबर. पण चाळीस वर्षे क्लच दाबलेला डावा पाय सवयीने पुढे जातो आणि ब्रेकवर पडतो. त्याहून वाईट म्हणजे घाबरून उजवा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चढलेल्या गाड्या पाहिल्यात ना? डावा पाय कायम बाजूच्या फूटरेस्टवर ठेवून मोकळ्या मैदानात आठवडाभर सराव करावा, मगच रस्त्यावर यावे. एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर आपोआप बदलणारी ऑटोमॅटिक, स्वस्त असते, पण गिअर बदलताना हिसका देते आणि चढावर मागे सरकू शकते; त्यात हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवणारी सोय, आहे की नाही ते तपासावे. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक, मऊ चालते, पैसे जास्त घेते. घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर ठेवावा. नुसत्या ब्रेकवर उतरले की ब्रेक तापतात आणि पकड सुटते.

सुरक्षेचे तारे पाहायचे तर १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही धडक-चाचणीवरून गाड्यांना तारे देणारी योजना आहे. त्यात मोठ्यांचे आणि लहानांचे गुण वेगवेगळे दिले जातात, आणि नातवंडांसह फिरणाऱ्या घराने दोन्ही पाहावेत. १००० सीसीच्या आतले इंजिन घेतले म्हणून थर्ड पार्टीत वर्षाला १,३२२ रुपये वाचतात, पण तेवढ्यासाठी सीटची उंची सोडू नये.

एक मागणी करून थांबतो. परवान्यांची नोंद ‘सारथी’वर आहे, गाडी आणि विम्याची ‘वाहन’वर आहे, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या सूचनेत मालकाच्या परवान्याची मुदत छापणे अवघड नसावे. कंपन्या आणि परिवहन खाते ते करीत नाहीत तोवर पॉलिसीच्या पाकिटावर परवान्याची तारीख पेनाने लिहून ठेवावी.

आपला,
एक वाचक, पुणे