मामा, तुळशीजवळच्या त्या कोपऱ्यासाठी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातीने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. आणखी चार लोकांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितोय. समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणता आणि माझं बोलणं तिथेच राहतं. पण आता नाशिकमध्ये लॉन कटिंगच्या धंद्यात बरीच नवीन पोरं उतरलीत. हप्त्यावर मशीन घेतात, आणि गिऱ्हाईक "गवत पार झिरो मारून दे, अगदी जमिनीलगत काप" म्हणालं की मान डोलावतात. मीही तेच केलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर आला नसतात, तर माझं मशीन त्याच वर्षी विकलं गेलं असतं.

गंगापूर रोडवरचा तो बंगला तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०१७. दोन हजार चौरस फुटांचं लॉन, हरळीच्याच जातीचं, नर्सरीवाले ज्याला सिलेक्शन वन म्हणतात ते. दिवाळीपासून कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे गवत चांगलं चार बोटं वाढलं होतं. जानेवारीअखेरीला मुलीचा साखरपुडा अंगणातच करायचा होता. साहेब म्हणाले, "एकदम बारीक कर, म्हणजे तोपर्यंत परत बघायला नको. खुर्च्याही नीट बसतील." मी मशीन शेवटच्या खाचेवर उतरवलं आणि एका सकाळीत सगळं साफ केलं. तुळशीवृंदावनाजवळचा पलंगाएवढा कोपरा तेवढा आजींनी कापू दिला नाही. बाप्पाच्या दूर्वा आम्ही इथल्याच काढतो, म्हणाल्या. साहेबांनी सहाशे रुपये हातावर ठेवले, वर शाबासकी दिली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. लॉन चटईच्या रंगाचं झालं होतं. मी घाबरून मुठीमुठीने युरिया फेकला, तर जिथे जास्त पडला तिथे करपल्याचे डाग उठले. मग साहेबांनी सरळ सांगितलं, "साखरपुड्याआधी नवीन लॉन लावून दे, नाहीतर त्याचे पैसे भर." माझ्याकडे मशीनच्या हप्त्याचे पैसे नव्हते, नवीन लॉन कुठून लावणार होतो!

त्या रात्री मी तुमच्या घरी आलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "त्यांना बारीक कशाला पाहिजे होतं?" मी म्हटलं, खुर्च्यांसाठी. तुम्ही म्हणालात, "तू विचारलंस, का त्यांनी सांगितलं तेवढंच ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तुम्ही सायकलवर खुरपं बांधून हजर. सरकारी विश्रामगृहाच्या बागेत आयुष्य काढलेला माणूस, तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, आणि माझं तुमचं नातं काय, तर लहानपणी त्या बागेत मी पाण्याचा पाइप धरायला यायचो, एवढंच. साहेब बाहेर आले तेव्हाचं तुमचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "साहेब, चूक पोराची आहे. बारीक केलं की काय होतं हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ह्याला माहीत असायला पाहिजे होतं." माझी मान खाली गेली, पण साहेबांचा आवाजही खाली आला. मी वाटेत ठरवत होतो की "तुम्हीच सांगितलं होतं" असं त्यांना ऐकवायचं. ते तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. आज मी म्हणेन की माझा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे.

मग तुम्ही उकिडवे बसलात आणि खुरप्याने दोन ढेकळं काढलीत. एक मी कापलेल्या लॉनमधलं, एक आजींच्या दूर्वांच्या कोपऱ्यातलं. दोन्ही बादलीत धुतलीत आणि पायरीवर शेजारी शेजारी ठेवलीत. जात एकच, माती एक, पाणी एक. कोपऱ्यातल्या मुळ्या तुमच्या वितीएवढ्या लांब, पांढऱ्या. माझ्या लॉनमधल्या दोन बोटं, तपकिरी. साहेब चष्मा लावून बघत राहिले. आजीही येऊन बसल्या.

तुम्ही सांगितलंत की गवताचा स्वयंपाक पानात होतो. चार बोटं वाढलेल्या हरळीत हिरवं पान फक्त वरच्या दोन बोटांत असतं, खाली ऊन पोचत नाही म्हणून नुसत्या पिवळ्या काड्या उरतात. मी हिरवं तेवढं सगळं नेलं आणि काड्या ठेवल्या. मुळांना वरून जेवण बंद झालं की मुळं आखडतात, आणि मुळं आखडली की रोज पाणी दिलं तरी गवत तहानलेलंच. त्यात डिसेंबर. आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, निफाडला तर त्याच्याही खाली जातो, आणि हरळी हे उन्हाळी गवत आहे. थंडीत ते वाढायचं जवळजवळ थांबतं, म्हणून नवीन पानही फुटत नाही. "झोपलेल्याच्या अंगावरची गोधडी ओढलीस तू," असं तुम्ही मला म्हणालात, तेव्हा आजी हसल्या होत्या.

आणि मग, सगळं सांगून झाल्यावर, तुम्ही साहेबांना तोच प्रश्न विचारलात. बारीक कशाला पाहिजे होतं? साहेब आधी खुर्च्याच म्हणाले. तुम्ही थांबलात. तेव्हा आजींनी सांगितलं की श्रावणात पायरीजवळ घोणस निघाली होती, घरात दोन लहान नातवंडं, तेव्हापासून साहेबांना गवत दिसलं की धास्ती वाटते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती. तुम्ही उठून कंपाउंडच्या कडेने चालत गेलात. मागच्या भिंतीला जुन्या विटांचा ढीग होता, त्याला टेकून पालापाचोळा, आणि खाली उंदरांची बिळं. साप येतो तो उंदरांमागे आणि आडोशाला, हे तुम्ही तिथेच उभं राहून दाखवलंत. दुपारपर्यंत आपण दोघांनी काठी आपटत, बूट घालून तो ढीग हलवला, बिळं बुजवली, आणि भिंतीलगत हातभर रुंद पट्टा मोकळा करून त्यावर खडी टाकली. रात्री पायरीवर दिवा चालू ठेवा, टॉर्चशिवाय उतरू नका, असंही तुम्ही सांगितलंत. साहेबांनी त्यानंतर मला गवत बारीक करायला एकदाही सांगितलेलं नाही.

लॉन साखरपुड्यापर्यंत हिरवं होणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट बोललात. मला वाटलं होतं आता तरी काही आशा दाखवाल. तुम्ही म्हणालात, शेवंतीच्या आणि झेंडूच्या कुंड्या कडेने मांडू, पाहुणे फुलं बघतील. युरिया बंद. चाळलेली पोयटा माती आणि मुरलेलं शेणखत, जेमतेम पानं डोकावतील इतकंच पसरायचं, ऊन चढल्यावर हलकं पाणी, आणि कुणी तुडवायचं नाही. बाकी उन्हावर सोडायचं. फेब्रुवारी सरता सरता हिरवे ठिपके दिसायला लागले. रंगपंचमीला आपल्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडले, त्या आठवड्यात साहेबांनी फोन करून मला वर्षाचं काम दिलं.

तेव्हापासून मी काय काय तुमच्यासारखं करतो, ते तुम्हाला कळावं असं वाटतं.

गिऱ्हाईक "बारीक" म्हणालं की आधी कारण विचारतो, आणि पहिल्या उत्तरावर थांबत नाही. बहुतेक वेळा कारण पैशांचं निघतं. दर कटिंगला पैसे मोजणाऱ्या माणसाला वाटणारच की एकदाच खोल कापलं तर महिनाभर सुटका. त्याची त्यात चूक नाही, माझ्या हिशेबाची पद्धतच त्याला तसं करायला लावते. म्हणून तुम्ही सुचवलंत तसं मी महिन्याच्या रकमेवर आलो. पावसाळ्यात दर पाच-सहा दिवसांनी जातो, थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा, पैसे तेवढेच. हे केल्यापासून "झिरो मार" म्हणणारे निम्म्याहून कमी झाले. या धंद्यातल्या पोरांनी माझं दुसरं काही नाही ऐकलं तरी एवढं करून बघावं.

पावतीवर उंची लिहितो, तुमच्या मापाने, बोटांत. उघड्या उन्हातल्या हरळीला दोन बोटं. आंब्याच्या सावलीतल्या रुंद पानाच्या बफेलोला चार. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. गवत फार वाढलं असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा जाऊन खाली आणतो. आणि कडा. कडांचं महत्त्व मला तुम्ही दाखवेपर्यंत अजिबात कळलं नव्हतं. सुतळी ताणून, खुरप्याने पेव्हरलगतची कड सरळ कापली की वरून अर्धं बोटच छाटलेलं असलं तरी सगळं अंगण नुकतं न्हाऊन आल्यासारखं दिसतं. पुष्कळ जणांना बारीक म्हणजे नीटनेटकंच हवं असतं. पात्याला दर शनिवारी कानस मारतो. बोथट पातं पान फाडतं, शेंडे पांढरे पडतात, आणि मग गिऱ्हाईकच म्हणतं की ते पांढरं कापून टाक, अजून खाली घे.

कुणी म्हणतं, टीव्हीवरच्या ग्राउंडसारखं कर. त्यांना सांगतो की गोल्फच्या ग्रीनवर गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवतात हे खरं, पण तिथे त्यासाठीच तयार केलेली बुटकी जात असते, फिरत्या रिळाचं वेगळं मशीन असतं, आणि कापणी जवळजवळ रोजची असते. रोज यायचा दर सांगितला की त्यांचं त्यांनाच पटतं.

लग्नाच्या लॉन्सवाल्यांचं काम सगळ्यांत अवघड. तुळशीचं लग्न लागलं की त्यांची घाई सुरू, आणि प्रत्येकाला मांडवातलं मॅटिंग, म्हणजे गवतावर अंथरायचं जाजम, सपाट बसायला गवत बारीक हवं. हजार माणसं तुडवणार असतील तर पान जास्त लागतं, कमी नाही, हे त्यांना समजवायला मी एका मालकाकडे तुमचीच युक्ती केली. गेटजवळचा एक चौकोन त्यांच्या मनासारखा, बाकीचं माझ्या मापाने. तीन लग्नांनंतर त्या चौकोनात माती उघडी पडली, आणि पुढच्या पावसात तिथे तण माजलं, आधी लव्हाळा आला, मागोमाग आंबुटी. आता ते कार्याच्या दोन दिवस आधी हलकी कटिंग करून घेतात, आदल्या दिवशी पाणी बंद ठेवतात आणि मांडव उतरला की पहाटेच मॅटिंग उचलतात.

सगळीकडे जमतं असं नाही. एका सोसायटीच्या कमिटीने भर मे महिन्यात झिरो करायचा हट्टच धरला. मी दोन वेळा समजावलं, ढेकळं काढून दाखवली, शेवटी काय होईल ते कागदावर लिहून दिलं आणि काम सोडलं. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं केलंस. त्यांच्यावर रागावू मात्र नको." त्यांनी परत बोलावलं नाही. त्या महिन्याचा हप्ता मी बायकोच्या भिशीतून भरला, आणि तरीही मला त्याचं वाईट वाटत नाही.

बारीक कापायलाही एक वेळ असते, हे तुम्ही शिकवलंत म्हणून मला "नाही" म्हणतानाही काहीतरी देता येतं. "साहेब, मृग लागू द्या, मग तुमच्या मनासारखं करतो." जमीन तापलेली, पाऊस तोंडावर, हरळी जोरात. तेव्हा वर्षातून एकदा खाली घ्यायचं, साचलेल्या वाळक्या काड्या दाताळ्याने ओढून काढायच्या, पोयटा पसरायचा. जुलैत ते लॉन बघायला लोक थांबतात.

मामा, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत. साहेबांनी देऊ केले तेही नाही. आजींनी दिलेली दूर्वांची जुडी फक्त सायकलच्या हँडलला अडकवून घेऊन गेलात. आजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. तुळशीजवळचा कोपरा घरातलं कुणी अजून कापू देत नाही, आणि मीही मशीन तिथून वळवून घेतो.

मृगाच्या पहिल्या रविवारी त्या बंगल्यावर वर्षाची खोल कटिंग आहे. साहेबांनी तुम्हाला चहाला बोलावलंय. सायकल काढू नका, सातला मी गाडी घेऊन येतो. पात्याला धार लावून ठेवलीय, पण एकदा तुम्ही बोट फिरवून बघा.

तुमचा,
पाण्याचा पाइप धरणारा पोरगा