गेमने स्वतःचा नियम पाळावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेमवर मराठीत जे थोडेफार लिहून येते, त्यात विज्ञानकथेच्या गेमला बहुधा एकच कसोटी लावलेली दिसते: यातले विज्ञान खरे आहे का? अवकाशात स्फोटाचा आवाज ऐकू आला की गुण कापले. ही कसोटी अपुरी आहे. प्रकाशापेक्षा वेगवान यान खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत मान्य करतो. त्याचे मन उडते ते गेमने स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच धाब्यावर बसवला की.

‘मास इफेक्ट’ मालिका घ्या. २००७च्या पहिल्या भागात बंदुकांना काडतुसेच नाहीत. बंदुकीत धातूचा ठोकळा असतो. प्रत्येक गोळीसाठी त्याचा कणभर तुकडा कापला जातो आणि वस्तुमान कमी करणाऱ्या क्षेत्रातून प्रचंड वेगाने फेकला जातो. एक ठोकळा हजारो गोळ्यांना पुरतो. अडचण फक्त उष्णतेची. सलग झाडत राहिलात तर बंदूक तापून बंद पडते आणि ती निवेपर्यंत थांबावे लागते. सगळे काल्पनिक, पण चोख. पडद्यावरची उष्णतेची पट्टी आणि गेममधल्या ज्ञानकोशातली नोंद एकच गोष्ट सांगतात.

२०१०च्या दुसऱ्या भागात ‘थर्मल क्लिप’ आल्या. उष्णता शोषून घेणारा हा भाग तापला की काढून फेकायचा आणि नवा घालायचा. क्लिपा वेचण्यासाठी खेळाडू आडोसा सोडून पुढे सरकतो, लढाईला वेग येतो, हा फायदा खराच. पण क्लिपा संपल्या की बंदूक मुकी होते. ती आपोआप निवत का नाही? कथेतल्या काळानुसार दोनच वर्षांपूर्वी निवत होती! पुढे जेकब या साथीदाराच्या मोहिमेत आपण दहा वर्षांपूर्वी कोसळलेल्या एका यानापाशी उतरतो. (यानाचे नाव ‘ह्यूगो गर्न्सबॅक’, म्हणजे १९२६ साली अमेरिकेत निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढणारे संपादक. इतका बारकावा सांभाळणारी ही मंडळी.) जगाशी दहा वर्षे संपर्क तुटलेल्या त्या ग्रहावर जागोजागी थर्मल क्लिपा पडलेल्या सापडतात. यान कोसळले तेव्हा त्या वापरातच आलेल्या नव्हत्या. उपाय महाग नव्हता: क्लिपा संपल्यावर बंदूक सावकाश निवू द्यायची, आणि या मोहिमेपुरता साठा आपल्याच यानाने टाकलेल्या पेट्यांत ठेवायचा.

‘फॉलआउट ३’ (२००८) मधली चूक अधिक जिव्हारी लागते, कारण ती ऐन शेवटी आहे. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा सुरू करायला कोणीतरी प्राणघातक किरणोत्साराच्या कक्षात शिरायचे आहे. फॉक्स हा महाकाय, उत्परिवर्तित साथीदार सोबत असेल तर प्रश्नच मिटायला हवा. त्याला किरणोत्सार बाधत नाही. याच बळावर त्याने आधी व्हॉल्ट ८७ या किरणोत्साराने भरलेल्या भूमिगत आश्रयस्थानातून हवे ते उपकरण आणून दिलेले असते. आता मात्र हे तुझेच प्राक्तन आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून तो नकार देतो. लेखकांना नायकाचे बलिदान हवे होते, तर साथीदार दाराबाहेरच अडकतील असा प्रसंग आधी रचायचा. अखेर मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ या विस्तारात फॉक्सला आत पाठवण्याची सोय करावी लागली.

आता उलट बाजू पाहा. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या रॉकेट बांधून उडवण्याच्या गेममधल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पृष्ठभागावरचे गुरुत्व मात्र पृथ्वीइतकेच, ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. हिशेब केला तर घनता पृथ्वीच्या साडेदहा पट निघते, म्हणजे ऑस्मियम या सर्वांत दाट धातूच्याही अडीच पट. असा ग्रह असूच शकत नाही. तरी कोणाची तक्रार नाही. छोट्या ग्रहामुळे कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग पुरतो (पृथ्वीभोवती ७.८ लागतो) आणि उड्डाण काही मिनिटांत आटोपते. एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्व यानावर चालते, ही सवलतही उघड आहे. त्यामुळे दोन गोलांच्या गुरुत्वाचा मेळ बसून यान स्थिर राहू शकते असे लाग्रांज बिंदू तिथे नाहीत. पण इंधन, वजन आणि वेग यांचे गणित पहिल्या रॉकेटला जे, तेच शेवटच्या रॉकेटला. यान कोसळले तर खेळाडू गेमला दोष देत नाही, आपल्या आराखड्यात चूक शोधतो.

परीक्षण लिहिणाऱ्यांनी पहिल्या दोन तासांत गेमने सांगितलेले नियम कागदावर उतरवावेत: इंधन कशाने संपते, मेल्यावर परत येणे कथेत कसे बसवले आहे, कोणते शस्त्र कोणाला लागू पडते. मग कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेली कथेची दृश्ये, तपासावेत, कारण नियम बहुतेक वेळा तिथेच मोडतात: खेळताना वीस गोळ्या पचवणारे पात्र तिथे एका गोळीत संपते. सेव्ह करणे किंवा मेन्यू उघडल्यावर काळ थांबणे यांना नियमभंगात धरू नये. ते माध्यमाचे संकेत आहेत. आणि आवाजाबद्दल गुण कापण्याआधी गेमने काय खुलासा केला आहे ते पाहावे. ‘एलिट डेंजरस’मध्ये बाहेरचे आवाज यानाचा संगणक वैमानिकासाठी तयार करतो अशी कल्पना आहे, आणि कॉकपिटची काच फुटून हवा निघून गेली की ते दबतात.

ग्राफिक्स, फ्रेम रेट आणि किंमत यांच्या जोडीला परीक्षणात एक परिच्छेद या तपासणीसाठी राखावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे