गरम आमटी आणि प्लास्टिकची पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माणसाच्या मेंदूत प्लास्टिकचे कण सापडल्याची बातमी आपल्या अंकात आली आणि त्या दुपारी आमच्या भिशीत दोन तट पडले. एकीने दुसऱ्याच दिवशी घरातले झाडून सगळे प्लास्टिकचे डबे घंटागाडीत टाकले आणि काचेचे आणले. दुसरी म्हणाली, "हवेत आहे, पाण्यात आहे, मिठातसुद्धा आहे. मग आता काय श्वास घ्यायचा थांबवू?" दोघीही माझ्या मैत्रिणी, पण मला दोघींचंही पटलं नाही. मी नाशिकच्या सिडकोत गेली चौदा वर्षं जेवणाचे डबे पुरवते. या प्रकरणात माझेही हात बरबटलेले आहेत, म्हणून हे पत्र.

पहिली अकरा वर्षं मी आमटी पिशवीतून दिली. किलोवर मिळते ती पातळ, पारदर्शक पिशवी. पहाटे साडेपाचला आमटीला उकळी यायची आणि साडेसहाला अंबडच्या कारखान्यांतली पहिल्या पाळीची मुलं दारात उभी. निवू द्यायला वेळ कुठला? डावाने उकळती आमटी पिशवीत, वर एक पीळ, त्याला रबर. पिशवी हातात अशी मऊ पडायची की ती खालून धरावी लागे. एका मुलाने एकदा सांगितलंही, "काकू, आमटीला पिशवीचा वास येतो." मी म्हटलं, "भूक लागली की येणार नाही." तो हसला, मीही हसले.

पुढे खरगपूरच्या आयआयटीचं संशोधन वाचनात आलं, २०२१ सालचं. त्यांनी चहाचे कागदी कप तपासले होते. कागद पाण्याला टिकत नाही, म्हणून कपाला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ८५ ते ९० अंश तापलेलं १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. चांगल्या जाड कपाची ही गत, तर माझी पिशवी कुठल्या झाडाचा पाला?

आता मिठाचं बघा. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २०२४ मध्ये १० प्रकारचं मीठ आणि ५ प्रकारची साखर तपासली. एकही नमुना कणांशिवाय निघाला नाही, आणि तेवढ्यावर गहजब झाला. पण सगळ्यात जास्त कण निघाले त्या आयोडीनयुक्त मिठात ते किलोमागे ८९ होते. माणूस दिवसाला दहा ग्रॅम मीठ खातो असं धरलं, तरी पोटात जातो जेमतेम एक कण. दोन्हीकडे कण मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून गुणाकार करू नये, हे मला कळतं. तरी कुठे धास्ती घ्यायची आणि कुठे नाही, याचा अंदाज बाईमाणसाला एवढ्यावरून येतोच. मिठाला भिऊन काही होणार नाही. उकळता चहा कशातून पिता ते बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे: प्लास्टिक आणि उष्णता यांची गाठ पडू देऊ नका. त्यात तेल असेल तर मुळीच नको. प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जी रसायनं घालतात, त्यातली बरीचशी तेलात विरघळणारी असतात, आणि त्यातली काही शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. आपल्या नाशिककरांची रविवारची पार्सल मिसळ आठवा. वाफाळता रस्सा, वर बोटभर तर्री, आणि ते सगळं पिशवीत गाठ मारून. घरी आल्यावर गाठ सुटत नाही म्हणून आपण ती दाताने तोडतो. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर हे पत्र तुम्ही छापणारही नाही. बरोबर कडीचा डबा न्या. बहुतेक ठिकाणी मुकाट्याने भरून देतात. एके ठिकाणी मात्र माझा डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात किती प्लेट मावतात?"

तब्येतीवर नेमका काय परिणाम होतो, ते सांगताना मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवते. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २२ जणांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक निघालं. इटलीत मानेच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ५८ टक्के रुग्णांच्या त्या थरात पॉलिथिन होतं. पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेचार पट दिसलं. हा अभ्यास २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. प्लास्टिकमुळेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनीही लिहिलं आहे. मेंदूच्या बातमीवर तर काही शास्त्रज्ञांचा आक्षेपच आहे. त्या तपासणीत मेंदूतली चरबी पॉलिथिनसारखी दिसू शकते, असं ते म्हणतात. आपल्या बातमीत ही ओळ असती तर माझ्या मैत्रिणीचे डबे वाचले असते. ते डबे कोरड्या डाळी-कडधान्यांचे होते, त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट कळली आणि मला मजा वाटली. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की जड, म्हणजे क्षारांचं, पाणी पाच मिनिटं उकळलं, निवू दिलं आणि गाळून घेतलं, तर त्यातले ९० टक्क्यांपर्यंत कण निघून जातात. पाण्यातला चुना उकळताना साकळतो आणि कणांना लपेटून खाली बसतो. माझी बहीण पाथर्डी फाट्याला राहते. तिथे उन्हाळ्यात बोअरचं पाणी आलं की पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरते आणि ती त्या पाण्याला रोज शिव्या देते. त्याच खपलीत प्लास्टिक अडकतं म्हणे! पाणी मऊ असेल तर फायदा उतरतो, पाव हिस्साच कण कमी होतात. उलट, शुद्ध म्हणून आपण विकत घेतो त्या बाटलीबंद पाण्यात कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मिळाले. त्यातले बहुतेक इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. पाण्याचे जार भर उन्हात टेम्पोवर लादून चाललेले दिसले की मला आता वेगळंच दिसतं.

बाकी घरात फार काही करावं लागत नाही. सिंथेटिक कपड्यांचे तंतू धुळीबरोबर उडतात, म्हणून नुसत्या झाडूवर न थांबता फरशी ओल्या फडक्याने पुसावी. चरे पडलेला प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड टाकून द्यावा. माझ्याकडे तो नव्हताच, मी विळीवर चिरते. रस्त्यावर टायर झिजून जे उडतं, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार?

पुन्हा माझ्या डब्यांकडे येते, कारण सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. तीन वर्षांपूर्वी भांडी बाजारातून स्टीलचे साठ डबे आणले. प्रत्येकाकडून २०० रुपये अनामत घेतली आणि डब्यामागे पाच रुपये वाढवले. सात गिऱ्हाइकं लगेच सुटली. पहिल्या वर्षात चौदा डबे परत आलेच नाहीत. डबे पोचवणाऱ्या आमच्या दादांची गाडी जड झाली, ते दोन महिने कुरकुरले. आणि रोज साठ डबे घासायचे म्हणजे काय, ते घासणाऱ्यालाच विचारा. हे सगळं लिहिते, कारण "प्लास्टिक टाळा" म्हणणारे हा हिशोब कधी मांडत नाहीत. नफा कमी झाला तो झालाच. पण आता काही घरांतून डबा रिकामा येत नाही. कुणी त्यात चार लिंबं घालतं, कुणी मूठभर शेंगदाणे. पिशवी कुणी कधी भरून परत केली नव्हती.

आता महापालिकेसाठी. आतून प्लास्टिक लावलेले कप-ताटल्या यांवर राज्यात जुलै २०२२ मध्येच बंदी आली. तरी शालिमारपासून सीबीएस बसस्थानकापर्यंत चालत गेलं तर टपरीटपरीवर ते कप मनोऱ्यासारखे रचलेले दिसतात. कागदी आहेत म्हणून पिणाराही निर्धास्त. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, लाखो माणसं येतील, पहाटेच्या थंड पाण्यात बुडी मारून वर आली की पहिल्यांदा चहा मागतील. तो चहा कशातून द्यायचा हे आताच ठरवायला हवं. घाटाजवळच्या चहावाल्यांना काचेचे पेले वापरायचे तर ते धुवायला नळ लागतो. तो नळ आधी द्या आणि मग दंडाची पावती फाडा. भंडाऱ्यांना परवानगी देताना पत्रावळीची अट घाला, आणि ती पत्रावळ पानांची हवी, प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेली नको.

जाता जाता एक. मागच्या महिन्यात डब्यांची छोटी जाहिरात द्यायला मी आपल्या कार्यालयात आले होते. तुमच्या माणसाने आग्रहाने बसवून चहा दिला, कागदी कपात. चहा आल्याचा होता, मी पूर्ण प्यायले. पुढच्या वेळी पेला घरून घेऊन येईन.

आपली,
एक डबेवाली
सिडको, नाशिक