‘गृहिणी’ हा शब्द खोडल्याबद्दल

पाहणीला आलेल्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही येऊन गेल्याला चार दिवस झाले, तरी कोळीवाड्यात विषय तुमचाच आहे.

न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा बेटावरून उठवून उरणला वसवलेला हा आमचा हनुमान कोळीवाडा. 1989 मध्ये बंदर सुरू झालं. इथल्या घरांना वाळवीने पोखरलं, ते तुम्ही पाहिलंतच. याआधी वही घेऊन आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘सातबारा आहे का?’ कोळ्याचा कसला सातबारा! त्याची इस्टेट पाण्यात. डोल म्हणजे पाण्यात रोवलेल्या खुंटाला बांधायचं पिशवीसारखं जाळं; ती लावायच्या खुंटाची जागा घराघराची ठरलेली. भराव पडून खाडीचं तोंड आवळलं की पाण्याची ओढ जाते, आणि ओढ नसेल तर डोल फुगतच नाही, मासळी आत शिरणार कशी? 2015 मध्ये हरित लवादाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95.19 कोटींची भरपाई द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे पाण्यावरच्या पोटाची दखल घेतली गेली.

तुम्ही आधी खुंट विचारलेत. मग आजींच्या फॉर्मपाशी थांबलात. व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी आधीच ‘गृहिणी’ लिहून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, ‘आजी, दिवसभर काय करता?’ आणि त्या सांगत असताना पेन खाली ठेवून ऐकलंत. बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या आडव्या दोरीवर, टांगायचे, कडक उन्हात तीन-चार दिवस. जवळा पातळ पसरायचा, सारखा हलवायचा. थर जाड झाला की खालून कुबट होतो, एक सर आली की सगळा गेला. चार-पाच किलो ओल्यातून जेमतेम किलोभर सुका. वर पाटी घेऊन बाजार. बेटावर याला अंगण होतं, इथे घराला घर खेटून.

तुम्ही स्केल लावून तो शब्द सरळ खोडलात, वर लिहिलंत, ‘मासळी सुकवणे व विक्री’, आणि वाचून दाखवलंत. खोडलंय तिथे सही केलीत. माणसाला विचारून लिहायचं, एवढी साधी माणुसकी. पण इतक्या वर्षांत ती आमच्या दारात आली नव्हती.

आजींनी त्या कागदाची झेरॉक्स काढून डब्यात ठेवली आहे. तुमच्यासाठी जवळ्याची एक पिशवी बाजूला काढली आहे. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते त्या दिवसांत या, तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात आणि सगळे घरी भेटतात.

आपले,
हनुमान कोळीवाड्यातले रहिवासी